आधी रिफ पक्की कर, सोलो राहू दे

भाऊ, इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायला क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचं 1967 चं ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’ निवडलंस, झकास केलंस! पण सोलोच्या, म्हणजे मधल्या एकट्या गिटारच्या तुकड्याच्या, नादी आत्ताच लागू नको. गाणं उभं आहे ते रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर, तेवढीच धर.

आकडे फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांचे. डी तारेवर 12, 12, 10, 12. ए तारेवर 12, 11, 10. मग जाड ई तारेवर 10, 13, 10. तेराव्या फ्रेटवरचा सूर बोटाने थोडा हलव, सगळी गंमत तिथेच आहे. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेव. मूळ वेग साधारण 115 आहे, तो येईल हळूहळू.

नवी पोरं हमखास करतात त्या चुका:

- गेन (अँपवरचं, म्हणजे अँप्लिफायरवरचं, आवाज खरखरीत करणारं बटण) फुल. मग शेजारच्या तारा घोंघावतात आणि आपली चूक आपल्याला ऐकूच येत नाही. गेन कमी, तळहाताची कड तारांवर.
- ट्यूनिंगचा आळस. मे महिन्यात जळगावात कूलरच्या खोलीतून गच्चीवर गेलास की तारा उतरल्याच समज.

लाइट गेली तर अँपशिवाय वाजव, बोटांना सराव होतोच. पेडल (आवाज बदलणारा, पायाने दाबायचा डबा) अजिबात घेऊ नको इतक्यात. आठवड्याने मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव, लय कुठे सुटते ते सांगतो.