पहिल्यांदाच रोमान्स वाचताय?
मुखपृष्ठावर भुलून थेट ड्रॅगनवाल्या जाडजूड मालिकेत उडी मारू नका. मी मारली होती, पहिल्या पानावरच्या नकाशातच अडकले. सुरुवात रीजन्सी काळातल्या एखाद्या सुट्या कादंबरीने करा. १८११ ते १८२० चं इंग्लंड, राजा आजारी म्हणून युवराज कारभार बघतोय. चांगल्या घरची मुलगी बागेत कुणाबरोबर एकटी दिसली तरी अब्रू गेली! म्हणून तर नुसता हातमोजा काढायचा प्रसंग दोन पानं चालतो आणि आपण श्वास रोखून वाचतो. मग फँटसी, म्हणजे जादू आणि ड्रॅगनच्या जगातला रोमान्स. रिबेका यारोसची २०२३ ची 'फोर्थ विंग' पळते छान, पण शेवट लटकता आहे, पुढचा भाग हाताशी ठेवा. आणि हो, शृंगार बराच उघड आहे. लोकलमध्ये शेजारचे डोकावतात.