पस्तीस वर्षांत चारदा भेटलो, मग एवढं का लागलं?

मी समुपदेशक आहे. शाळेतला मित्र गेल्यावर माझ्याकडे येणारी माणसं त्या कारणासाठी आलेली नसतात. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, छातीत धडधडतं, कामात लक्ष नाही, असं काहीतरी घेऊन येतात. मित्राचा विषय निघता निघता येतो आणि त्याला लगेच एक खुलासा जोडलेला असतो, ‘तसे आम्ही फारसे संपर्कात नव्हतो हो.’

राजेंद्र असेच आले. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ५२, पुण्यात बँकेत अधिकारी, मूळ गाव वाळव्याच्या बाजूला कृष्णाकाठी. तीनेक महिने रोज पहाटे तीनला छातीत धडधडून जाग यायची, की मग डोळा लागायचा नाही. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल, सगळं करून झालं होतं आणि रिपोर्ट चांगले होते. माझ्याकडे आधी आले असते तर मीही त्यांना पहिल्यांदा डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. या वयात छातीतली धडधड ‘मनाचं आहे’ म्हणून सोडून द्यायची नसते.

मधल्या काळात काही घडलं का, विचारलं. ‘तसं काही नाही. आमच्या वर्गातला एकजण गेला. हार्ट अटॅक.’ कोण होता? ‘दत्ता. शेजारी बसायचा. पाचवी ते दहावी एकाच बाकावर.’ आणि मग तो नेहमीचा प्रश्न: ‘मॅडम, १९८९ला दहावी झाली. त्यानंतर आम्ही चारदा भेटलो असू. वडील गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी ब्रँचला हजर होतो. मग याचंच मला एवढं का लागलंय? माझा काय हक्क आहे?’

हक्क. हा शब्द मी या खोलीत फार वेळा ऐकला आहे. आपल्याकडे दुःखाचीही उतरंड ठरलेली असते. भाऊबंद दहा दिवस सुतक धरतात, मग ते कोर्टात एकमेकांसमोर उभे का असेनात. जिवलग मित्र मातीला जातो, खांदा देतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. मित्र गेला म्हणून रजा मागितली तर वरिष्ठ विचारतात, नात्यात होता का? राजेंद्र तर मातीलाही पोचले नव्हते. वर्गाच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज आला. सकाळी गाडी काढेपर्यंत कुणीतरी कळवलं की पहाटेच सगळं उरकलं. रक्षाविसर्जनाच्या दिवशी ऑडिट होतं. ग्रुपवर साठ जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, हात जोडलेली चित्रं टाकली आणि संध्याकाळी कुणीतरी क्रिकेटचा व्हिडिओ पाठवला. झालं.

ज्या दुःखाला समाज जागाच देत नाही, त्यावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये सविस्तर लिहिलं. मित्र, सहकारी, घटस्फोटित जोडीदार, पाळीव जनावर यांच्या जाण्याचं दुःख होतं, पण ते कुणी विचारत नाही, म्हणून माणूसही ते स्वतःशी मान्य करत नाही आणि ते भलत्या वाटेनं बाहेर येतं. राजेंद्रच्या बाबतीत ते पहाटे तीनला येत होतं. शिवाय बाकावरचा मित्र आपल्याच वयाचा असतो. आई-वडील जातात तेव्हा मधे एक पिढी असल्याचा दिलासा असतो. वर्गातला पहिला गेला की मनातल्या मनात हजेरी सुरू होते.

‘दत्ताबद्दल सांगा,’ मी म्हणाले. त्यांनी सांगितलं, ‘देवमाणूस होता. सगळ्यांच्या मदतीला धावायचा. कधी कुणाला दुखावलं नाही.’ नंतर कळलं, हीच तीन वाक्यं त्यांनी ग्रुपवर लिहिली होती. ही वाक्यं कुणाहीबद्दल लिहिता येतात आणि लिहिली जातातही. त्यातून माणूस दिसत नाही. म्हणून मी विचारलं, ‘तो चिडायचा कशावर?’

राजेंद्र थोडं थांबले आणि हसायला लागले. दत्ताचा खोडरबर कुणी घेतला की तो चिडायचा. चित्रकलेत तरबेज होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ‘ए’ ग्रेड, आणि त्या खोडरबरला हात लावलेला चालायचा नाही. इंग्रजी पाचवीपासून होतं, ते त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, तेव्हा राजेंद्रनं त्याला स्पेलिंगं दाखवायची आणि त्याने राजेंद्रची जीवशास्त्राची जर्नलं काढून द्यायची असा सौदा होता. बेडकाची पचनसंस्था काढावी तर दत्तानंच. अर्धा तास हे चाललं होतं आणि सांगता सांगता एका जागी ते अडकले.

‘एक गोष्ट आहे. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये.’

२०१२ मध्ये दत्तानं त्यांच्याकडून चाळीस हजार रुपये घेतले होते. तो गावात मोटारी भरायचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचा. दुकान वाढवायला पैसे हवे होते. दहा हजार परत आले, तीस राहिले. राजेंद्रनी मागितले नाहीत, दत्तानं विषय काढला नाही, आणि दोघांचेही फोन कमी होत गेले. मग परवाच्या दिवाळीत त्याचा फोन आला. स्क्रीनवर नाव बघून पहिला विचार आला, आता परत पैसे मागणार. त्यांनी फोन उचलला नाही, नंतर उलटही केला नाही. तीन आठवड्यांनी दत्ता गेला.

पहाटे तीनला त्यांना हाच फोन ऐकू यायचा.

अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ असं म्हणण्याची समुपदेशकालाही घाई होते. मी ते म्हणत नाही, कारण समोरचा माणूस ते घरी ऐकूनच आलेला असतो आणि त्याचा उपयोग झाला असता तर तो आलाच नसता. मी त्यांच्याबरोबर दोन गोष्टी वेगळ्या केल्या. फोन न उचलल्यानं हृदयविकाराचा झटका येत नाही, हे त्यांना बुद्धीनं माहीत होतं, तरी मोठ्यानं म्हणायला लावलं. दुसरी गोष्ट: त्यांना वाईट वाटत होतं आणि रागही होता. तीस हजारांचा, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याने एकदाही ‘राजा, जमत नाहीये रे’ असं मोकळेपणानं न सांगितल्याचा. मेलेल्या माणसावर रागवायचं नाही, या शिस्तीत तो राग अडकला होता आणि रागाबरोबर मित्रही. खोडरबरासाठी भांडणारा दत्ता आठवला की उधारीवाला दत्ताही आठवणार. तो टाळायचा तर आख्खा दत्ताच टाळायला लागतो.

त्यांना मी एक पत्र लिहायला सांगितलं. न पाठवायचं, पण माझ्यासमोर वाचायचं. ही जुनी आणि साधी पद्धत आहे. पत्र ‘दत्त्या, लेका, पैसे गेले खड्ड्यात’ असं सुरू झालं. पुढचं इथे लिहीत नाही. वाचताना ते रडले, आणि दत्ता गेल्यापासून पहिल्यांदाच रडले.

(मधेच त्यांनी विचारलं, ‘मी आता रागाच्या टप्प्यात आहे का?’ शोकाचे पाच टप्पे इंटरनेटवर वाचून येणारे खूप आहेत. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले, ते स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. शोक करणारा माणूस त्या क्रमानं एकेक पायरी चढतो असं काही नसतं. कुणी सगळं एकाच दुपारी अनुभवतं, कुणाला राग येतच नाही.)

मग वही. दोनशे पानी, डाव्या पानावर साल आणि उजव्या पानावर त्या साली दत्ता काय करत होता ते. मित्राचं आयुष्य आठवायचं म्हणजे बहुतेकांना आपण दोघं एकत्र होतो तेवढंच आठवायचं, असं वाटतं. राजेंद्रची पाचवी ते दहावीची सहा वर्षं भरगच्च भरली. पुढची पस्तीस जवळजवळ कोरी. आयटीआयला वायरमन केलं, लग्नाला आपण गेलो नव्हतो, एक मुलगा आहे, बस्स. ‘मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही,’ असं म्हणून ते गप्प झाले. मी विचारलं, ‘कुणाला माहीत असेल?’

ते एप्रिलमध्ये गावाला गेले. जाताना दोनच पथ्यं सांगितली होती. ‘शेवटी काय झालं, कोणत्या हॉस्पिटलात नेलं’ हे विचारायचं नाही, ते घरच्यांनी शंभर जणांना सांगून झालेलं असतं. आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणायचं नाही, कारण कुणी सांगत नाही. आपल्याला जे काम येतं त्याचं नाव घेऊन विचारायचं. बँकवाल्या माणसानं खात्यांचं, नॉमिनीचं, क्लेमच्या फॉर्मचं विचारावं. तेराव्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येणारा माणूस घराला जास्त लागतो. तोवर येणं-जाणं आटलेलं असतं आणि कागदपत्रं तशीच पडलेली असतात.

बरोबर त्यांनी एक चित्र नेलं. शाळेच्या हस्तलिखितात दत्तानं बेंदराचा बैल काढला होता, शिंगं रंगवलेला, झूल घातलेला. शाळेच्या ग्रंथालयात तो अंक होता, वर्गातल्या एकानं फोटो काढून पाठवला. दत्ताच्या मुलानं वडिलांना कधी पेन्सिल हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं, वाइंडिंगचा आकडा लिहिण्यापुरती सोडून. वहिनींनाही माहीत नव्हतं. ‘असलं कधी बोलले नाहीत हे,’ म्हणाल्या आणि आत जाऊन चष्मा घेऊन आल्या.

मग त्यांनी उरलेला दत्ता सांगितला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात नदीकाठच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर दुकानासमोर रस्त्यापर्यंत चिखलानं भरलेल्या मोटारींची रांग होती. दत्ता महिनाभर दुकानातच झोपत होता. ज्याचा ऊस गेला त्याच्याकडून फक्त तांब्याच्या तारेचे पैसे घ्यायचा, मजुरी नाही. उधारी वसूल करायला जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. बीपीची गोळी सुरू केली होती, ती बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद केली. हे सांगताना वहिनींचा आवाज चढला. ‘सगळे येतात आणि देवमाणूस म्हणतात. माझ्याशी भांडायचे किती ते कुणी ऐकून घेत नाही.’ राजेंद्र म्हणाले, ‘वहिनी, माझ्याशी खोडरबरावरून भांडायचा.’ दोघं हसले. मुलगा चकित होऊन बघत राहिला.

तीस हजारांचं सांगायचं का, हे त्यांनी मला जाण्याआधी विचारलं होतं. मी सल्ला दिला नाही, फक्त विचारलं की सांगून कुणाचं ओझं कमी होईल आणि कुणाचं वाढेल. त्यांनी सांगितलं नाही. माझं मत विचाराल तर योग्य केलं. पण वहीत २०१२ च्या पानावर ती रक्कम आहे आणि ते पान फाडायचं नाही, एवढं आमचं ठरलं होतं. फोन दिवाळीत कशासाठी केला होता हे वहिनींनाही माहीत नव्हतं. ते आता कधीच कळणार नाही, आणि राजेंद्रना तेवढं न कळलेलं ठेवूनच जगायचं आहे.

गेलेल्याला विसरून ‘पुढे जा’ म्हणणारा सल्ला एकेकाळी आमच्या क्षेत्रातही चालायचा. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी त्याला ठामपणे आव्हान दिलं. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं आणि ते टिकवणं हे आजारपण नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. श्राद्धाला पान वाढणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटायचं कारण नाही. फक्त मित्रांसाठी आपण असं पान ठेवलेलं नाही.

प्रत्येक शोकाला समुपदेशक लागत नाही, हेही सांगते. बहुतेक लोक घरच्यांशी, मित्रांशी बोलून सावरतात. पण सहा महिने उलटून गेल्यावरही रोज तीच तीव्र ओढ असेल, कामधंदा, जेवणखाण कोलमडलेलं असेल, तर मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घ शोकविकारासाठी किमान सहा महिने धरले आहेत, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मोठ्यांसाठी एक वर्ष धरतात. जगणंच नको वाटत असेल तर मात्र महिने मोजत बसू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी वर्गानं गावात दत्तासाठी कार्यक्रम ठेवला. काय करावं, हे राजेंद्रनी मला विचारलं होतं. मी म्हणाले, प्रत्येकानं एकच प्रसंग सांगावा, विशेषणं घरी ठेवून यावीत, आणि वहिनींना समोर खुर्चीवर बसवून ठेवण्याऐवजी त्यांनाही बोलायचं असेल तर बोलू द्यावं. वहिनी बोलल्या, गोळ्या बंद केल्याचंसुद्धा, आणि दोघा-तिघांनी तिथल्या तिथे आपापल्या बीपीचा विषय काढला. एका वर्गमित्रानं दत्ताच्या नावाखाली पाऊण तास स्वतःच्या कारकिर्दीवर भाषण केलं. राजेंद्र हे मला अजूनही चिडून सांगत होते. झोपेचं विचारलं तर म्हणाले, ‘लागते आता. कधी तीनला उठतो, पाणी पितो, परत झोपतो.’ पुढची वेळ आम्ही ठरवली नाही.