ससा आडवा पडतो, पाय झाडतो आणि मग कोथिंबीर खातो

ताई, आमच्याकडे अडीच वर्षांचा पांढरा ससा आहे, कापश्या. लेकीच्या वाढदिवसाला आणलेला. गेल्या दोन महिन्यांत त्याला चार वेळा काहीतरी झालंय. बसल्या जागी मान एका बाजूला वळते, आडवा पडतो, सायकल चालवल्यासारखे पाय झाडतो, एकदा तर लोळत लोळत भिंतीवर आपटला. मिनिटभरात थांबतं, मग दहा-पंधरा मिनिटं सुन्न बसतो आणि नंतर काही झालंच नाही असा कोथिंबीर खायला लागतो. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, नॉर्मल आलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मिरगी असेल म्हणाले. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, त्या कांदा हुंगवतात आणि पोरीला त्याच्यापासून लांब ठेवतात. पहिल्यांदा झालं ते यांच्या मांडीवरच, तेव्हापासून हे त्याला हात लावत नाहीत, शेतात सोडून देऊ म्हणतात. मुलगी चौथीत आहे, तिला काही सांगितलेलं नाही, पण हल्ली शाळेत जाताना ती त्याला टाटा करते, आधी करायची नाही. आणि एक. त्याच सुमारास त्याच्या अंगावर पिसवा दिसल्या म्हणून मीच दुकानातून कुत्र्यांचा स्प्रे आणून मारला होता. आधी स्प्रे की आधी झटका, आता आठवत पण नाही. माझ्यामुळेच झालं का? रात्री तीनला उठून पिंजऱ्यापाशी बसते.
– झोप उडालेली, मिरज

अगं झोप उडालेले,

कांद्यापासून सुरू करते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. माणसाला फिट आली की कांदा नाहीतर चप्पल, हे आपल्याकडे घरोघरी चालत आलंय. फिट मिनिटभराने आपली आपणच थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. सशाच्या बाबतीत मात्र हे नुसतं बिनकामाचं नाही, धोक्याचं आहे, कारण ससा श्वास घेतो तो नाकानेच, आपल्यासारखा पटकन तोंडाने घेत नाही, त्यात झटका चालू असताना नाकाला कांदा दाबला तर बिचाऱ्याने करायचं काय? शिवाय कांदा पोटात गेला तर सशाला बाधतो. सासूबाईंना दृष्ट काढू दे हवी तर, मीठमोहऱ्या लांबून ओवाळल्याने कापश्याचं काही बिघडत नाही आणि त्यांनाही काहीतरी केल्यासारखं वाटेल.

आता खरं. मी डॉक्टर नाही, पण माझी भाची पशुवैद्य आहे, तुझं पत्र तिला दोनदा वाचून दाखवलं. तिचा पहिलाच प्रश्न होता, "मावशी, त्या वेळी डोळे काय करत होते?" ते तू लिहिलेलं नाहीस, आणि भिंतीपर्यंत लोळत जाणारा ससा समोर असताना डोळे कोण बघतंय. पण गंमत अशी आहे की झटका वाटणारं सगळंच झटका नसतं. कानाच्या आतला किंवा मेंदूतला तोल सांभाळणारा भाग बिघडला की सशाला जबरदस्त चक्कर येते, मान वाकडी होते आणि तो गोल गोल लोळतो, त्यात तो शुद्धीवर असतो, बुबुळं मात्र लंबकासारखी इकडून तिकडे उड्या मारतात. खऱ्या फिटमध्ये शुद्ध नसते, पाय वल्ह्यासारखे मारतो, कधी लघवी होते आणि नंतर तो सुन्न बसतो. कापश्यात दोन्हीतलं थोडं थोडं दिसतंय. म्हणून पुढच्या वेळी व्हिडिओ हवा, फोन आडवा धरून, आणि त्यात एकदा तरी डोळे जवळून. डॉक्टरांसमोर जनावर नेहमी शहाण्यासारखं बसतं, तू तोंडाने सांगून सांगून काय सांगशील.

झोपेत मिशा आणि पाय थरथरणं किंवा खूश झाला की धाडकन कुशीवर पडणं, त्यात काही नसतं. तुझं ते नाही.

स्प्रेचं. डबा घरात असेल तर मागचं बारीक अक्षर वाच. त्यात फिप्रोनिल लिहिलेलं असेल तर ते सशाला कधीच मारायचं नसतं. कुत्र्याला चालतं, सशाला त्यानेच झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. परमेथ्रिन हेही कीटकनाशकच, जास्त झालं तर तेही सशाला बाधू शकतं. हे तुला माहीत असायला हवं होतं का? दुकानदाराला माहीत नव्हतं, तुला कुठून असणार. आणि तारीख आठवत नाही म्हणतेस ना, यूपीआयने पैसे दिले असशील तर फोनमध्ये तारीख पडून आहे, पहिल्या झटक्याच्या दिवशी तू नवऱ्याला किंवा बहिणीला घाबरून मेसेज केलाच असशील, तीही तारीख आहे. दोन्ही शेजारी ठेव. झटका आधीचा निघाला तर हा विषय संपला. स्प्रे आधीचा निघाला तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, लपवू नको, त्यांना ते कळणं गरजेचं आहे. पण एकदाच मारलेल्या स्प्रेने दोन महिने अधूनमधून झटके येत राहावेत हे भाचीला तितकंसं पटलं नाही, तिचा संशय दुसरीकडे आहे.

तो संशय म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. नाव जड आहे, तू फक्त ई. क्युनिक्युली म्हण, सशांच्या डॉक्टरला कळतं. हा डोळ्याला न दिसणारा परजीवी, 1922 मध्ये पहिल्यांदा सापडला तोच सशांमध्ये. सशाच्या लघवीतून पसरतो, आईकडून पिल्लाला पोटातच मिळू शकतो, आणि मग मेंदूत, मूत्रपिंडात, डोळ्यात महिनोन्‌महिने, वर्षंसुद्धा गुपचूप बसून राहतो. एक दिवस मान वाकडी, किंवा मागचे पाय लुळे, किंवा तुझ्याकडे होतंय तसं. दुकानात एका पिंजऱ्यात दहा पिल्लं कशी कोंबलेली असतात आठव, सगळी एकमेकांच्या लघवीत. म्हणजे तो तुझ्या घरात पाय ठेवायच्या आधीपासून हे घेऊन आलेला असू शकतो. साध्या रक्त तपासणीत हे दिसेलच असं नाही, त्यामुळे 'नॉर्मल' या शब्दावर फार जाऊ नको. वेगळी अँटिबॉडीची, म्हणजे शरीराने या परजीवीशी लढायला काही तयार केलंय का ते बघणारी, टेस्ट असते, पण धडधाकट सशांमध्येही बऱ्याचदा ती पॉझिटिव्ह येते, म्हणून डॉक्टर लक्षणं बघून संशयावरच औषध सुरू करतात. औषध फेनबेंडाझोल, गाईम्हशींना जंतांसाठी देतात तेच, फक्त इथं वजनावर मोजून रोज, 28 दिवस. आता लगेच मेडिकलमध्ये पळू नको! जास्त झालं तर अस्थिमज्जेवर, म्हणजे जिथं रक्त तयार होतं तिथंच, परिणाम होतो.

दुसरी शक्यता कानाची. सशाचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे वाहून बाहेर येत नाही आणि वरून कान स्वच्छ दिसतो, आत भरलेला असतो. त्याला कवटीचा एक्स-रे लागतो. आणि उन्हाळ्यातला एखादा झटका भर दुपारचा होता का ते आठव. सशाला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्याचे हाल सुरू होतात, आणि मिरजेचा मे मी पाहिलाय. माझा स्वतःचा ससा असाच गेला, पत्र्याच्या शेडमध्ये, मी लग्नाला गेले होते, शेजारणीला फक्त पाणी ठेव म्हणून सांगितलं होतं. वीस वर्षं झाली. म्हणून तुझं ते तीनला उठणं मला कळतं, पण एकटीने करण्यासारखं ते नाही.

हे सगळं तपासूनही कारण सापडणार नाही असं होऊ शकतं, तेही ऐकून ठेव. माणसांच्या फिटचंही कितीदा कारण सापडत नाही, गोळ्या मात्र चालतात. सशालाही फिटच्या गोळ्या देतात. त्यामुळे 'का' हे कळेपर्यंत हात बांधून बसायचं नाही.

झटका आला की उचलायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. टॉवेलच्या वळकट्या दोन्ही बाजूंना लाव म्हणजे भिंतीवर आपटणार नाही, दिवा मंद कर, घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा एक संपून दुसरा लगेच आला तर रात्र असो की पहाट, निघायचं. आणि नंतर त्याने खाल्लं का, लेंड्या टाकल्या का ते बघ, ससा दहा-बारा तास उपाशी राहिला की पोट थंडावतं आणि झटक्याने नाही तर त्याने जातो. तुझा लगेच कोथिंबीर खातो हे मला पत्रातलं सगळ्यात बरं वाक्य वाटलं.

डॉक्टर बदल म्हणत नाही, तुझे डॉक्टर दिवसभर म्हशी बघतात आणि त्यात हुशार असतील, पण ससा हे कुत्रं-मांजर नाही आणि म्हैस तर नाहीच. अमॉक्सिसिलिन हे नेहमीचं अँटिबायोटिक तोंडाने दिलं तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरून तो दगावू शकतो, स्टेरॉइडही त्याला सहसा मानवत नाही, हे सशांची सवय नसलेल्याच्या लक्षात राहीलच असं नाही. तुला जवळ पडेल ते शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, पुणे-सातारा हायवेवरच आहे. मुंबईत कोणी नातेवाईक असतील तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. आधी फोन करून ससे कोण बघतं ते विचार, व्हिडिओ पाठव, आणि न लाजता सांग की माझ्याकडे इतकेच पैसे आहेत, यात आधी काय करू. चारशेच्या सशावर चार हजार कशाला हे कोणीतरी म्हणणारच, म्हणू दे.

सासूबाई पोरीला लांब ठेवतात, त्याचंही सांगते. फिट काही स्पर्शाने लागत नाही. ई. क्युनिक्युली माणसाला क्वचित होतो, तोही बहुतेक ज्याची प्रतिकारशक्ती फारच कमी आहे त्याला, म्हणजे केमो चालू असलेला किंवा अवयव बदललेला माणूस. घरात तसं कोणी असेल तर पिंजरा त्यांनी साफ करायचा नाही. बाकीच्यांनी हात धुवा, लघवीचा ट्रे रोज उकळत्या पाण्याने धुवा, बास.

आता तुझे 'हे'. शेतात सोडून देऊ म्हणजे मारून टाकू, फक्त आपल्याला बघावं लागणार नाही. शेतात उड्या मारताना दिसतो तो आपला रानससा वेगळाच प्राणी आहे, वेगळ्या जातीचा, पिंजऱ्यातल्या सशाचे मूळ पूर्वज स्पेनकडचे. कापश्या पांढराशुभ्र, बिळाचं ज्ञान शून्य, पहिल्या रात्रीच कुत्र्याच्या नाहीतर मुंगसाच्या तोंडी. हे त्यांनाही माहीत असणार. पण तुझ्या पत्रात एक ओळ आहे, पहिल्यांदा झालं ते त्यांच्या मांडीवर. तो माणूस निर्दय नाही गं, तो घाबरलाय. हातात जिवंत जनावर असं तडफडलं की मोठेमोठे हादरतात, आणि आपल्याकडच्या पुरुषांना घाबरलो म्हणता येत नाही म्हणून ते शेतात सोडू म्हणतात. भांडू नको त्यावर. विचार एकदा, त्या दिवशी हाताला काय जाणवलं. डॉक्टरांना पण ती माहिती लागेल, अंग कडक होतं का सैल होतं, हे तुमच्या घरात फक्त त्यांनाच माहितीये.

आणि पोरगी. तिला माहितीये. टाटा म्हणजे काय वाटलं तुला? ती रोज निरोप घेऊन जातेय, आल्यावर तो असेल की नाही या हिशोबाने, आणि तुम्ही तिघं मोठी माणसं तिच्यापासून लपवताय. सांग तिला, कापश्याला चक्कर किंवा फिट येते, का येते ते अजून कळलं नाही, आम्ही शोधतोय, बरा होईल की नाही हेही अजून माहीत नाही. खोटं 'बरा होईल' नको. मुलं 'माहीत नाही' पचवतात, गप्प झालेली आई पचत नाही त्यांना.

एक दोनशे पानी वही आण. तारीख, वेळ, किती सेकंद, काय खाल्लं होतं, घरात काय फवारलं, महापालिकेची धुराची गाडी आली होती का, रंगकाम, झुरळांचा खडू, सगळं त्यात जाऊ दे. लेंड्या मोजायचं काम पोरीला दे, आवडीने करेल, या वयात त्यांना ते फार आवडतं. घड्याळ नवऱ्याकडे. तू फोन आडवा धर. आणि आज रात्री पिंजरा उचलून तुमच्याच खोलीत आण, म्हणजे तीनला उठावं लागणार नाही, कूस बदलली की दिसेल.

– तुझी ताई