पार्लरचा कोर्स सुरू करतेस ना? मग हे ऐक

सुरुवातीचे दिवस बराच वेळ उभं राहून बघण्यातच जातात, हिरमुसू नकोस. चप्पल मऊ आणि सपाट घे, नाहीतर संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात.

थ्रेडिंगचा हात घरीच बसव. स्वतःच्या पायावरची लव काढून बघ. दोऱ्याचा पीळ केसांच्या वाढीच्या उलट सरकला तर केस मुळासकट निघतो, नाहीतर मधेच तुटतो. भुवई करताना क्लायंटला कातडी ताणून धरायला सांगायचं; सैल राहिली की चिमटा बसलाच.

थिअरीचा कंटाळा करू नकोस गं, हे मी अगदी कळकळीने सांगते. हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी असली तर चेहरा, डोळे सुजतात. म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडासा डाय लावून पॅच टेस्ट करायची, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. वॅक्स किती गरम आहे तेसुद्धा आधी आपल्या मनगटावर लावून बघायचं.

टॉवेल आपले सोलापुरीच घे, पण प्रत्येकीला धुतलेला वेगळा. आणि एप्रिल-मेची लग्नसराई चुकवू नकोस. पारा ४० च्या वर असताना नवरीचा मेकअप टिकवणं वर्गात शिकता येत नाही. एखाद्या सीनियर ताईबरोबर जा, नुसत्या पिना हातात द्यायला मिळाल्या तरी चालेल.