व्हिसावरची ती एक ओळ

प्रश्न : ताई, मी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये पूर्णवेळ पीएच.डी. करते. नवरा माझ्या व्हिसावर डिपेंडंट (अवलंबित जोडीदार) म्हणून आलाय. गोदामात काम करतो, वर्षाला २४,००० पौंड मिळतात. लेक ऑक्टोबरात तीन वर्षांची होईल. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, बिलात फक्त २५ टक्के सूट आली आहे. नवरा म्हणतो, गुपचूप भरून टाकू, काही मागायला गेलो तर व्हिसावर येईल. इथेच जन्मलेली माझी मावसबहीण म्हणते, चाइल्ड बेनिफिटसुद्धा घे, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धंच ऐका.

‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदतीवर हक्क नाही, ही व्हिसावरची ओळ मीही एकेकाळी छातीवर धोंड्यासारखी वागवली आहे. माझे यजमान शिकत होते तेव्हा घरी आलेलं कौन्सिल टॅक्सचं बिल आम्ही आठ हप्ते निमूट भरलं. मुलाचे बूट पुढच्या महिन्यावर ढकलले, पण बिल भरलं. एक दिवस विद्यापीठाच्या सल्ला केंद्रातल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही हे भरताच का?” मी बधिर होऊन बघत राहिले. पैसे पुढे परत मिळाले. पण ती आठ महिन्यांची ओढाताण आठवली की अजून जीव कळवळतो, म्हणून हे तुम्हाला सविस्तर लिहिते.

पब्लिक फंड्स म्हणजे सरकारकडून मिळणारी प्रत्येक गोष्ट नव्हे. इमिग्रेशनच्या नियमांत त्यांची ठरावीक यादी आहे. चाइल्ड बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाला मदत), हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याला मदत) त्या यादीत आहेत. तुम्ही दोघंही व्हिसावर आहात, तेव्हा चाइल्ड बेनिफिटचा अर्ज करू नका. बहिणीला तो हक्क आहे, तुम्हाला नाही. घेतलात तर व्हिसाची अट मोडेल.

फसगत होते ती नावांच्या सारखेपणामुळे. कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारं ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ त्या यादीत आहे. विद्यार्थ्यांना मिळणारं ‘एक्झम्प्शन’ (पूर्ण माफी) किंवा ‘डिस्काउंट’ (सूट) मात्र यादीत नाही. अर्ज भरताना हे शब्द नीट वाचा. चुकीच्या चौकटीत खूण केली तर नको ते मागितल्यासारखं होईल.

आता तुमचं बिल. तुम्ही विद्यार्थी म्हणून घरातल्या प्रौढांच्या मोजणीतून वगळल्या गेलात आणि नवऱ्याला कमावता प्रौढ म्हणून धरलं, म्हणून २५ टक्के. पण विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि त्याच्या व्हिसाच्या अटींमुळे त्याला नोकरी किंवा बेनिफिट यांतलं एक जरी बंद असेल, तरी इंग्लंडमध्ये त्यालाही मोजत नाहीत. नवऱ्याला नोकरीची मुभा आहे, बेनिफिटची नाही. तेवढं पुरेसं आहे. घरात दुसरं कोणी प्रौढ राहत नसेल तर घराला पूर्ण माफी आहे. ‘क्लास एन’ असं तिचं नाव, कौन्सिलला पाठवायच्या पत्रात तेच लिहा. सोबत विद्यापीठाचं पूर्णवेळ शिक्षणाचं प्रमाणपत्र आणि नवऱ्याच्या व्हिसाची अट दिसेल असा पुरावा जोडा. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा तक्रारींच्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. माफी मागच्या तारखेपासून मागा, भरलेले पैसेही परत मागा. नवऱ्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. शिष्यवृत्ती म्हणून मिळणाऱ्या स्टायपेंडवर इन्कम टॅक्स लागत नाही. म्हणजे कराच्या हिशेबात तुमचं उत्पन्न जवळजवळ शून्य, आणि तुमची १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा वाया जाते. तिच्यातले १,२६० पौंड नवऱ्याच्या नावावर करता येतात. याला मॅरेज अलाउन्स म्हणतात. वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो. ही करातली सवलत आहे, पब्लिक फंड नव्हे. अर्ज तुम्ही करायचा, त्याने नव्हे. मंजूर झाल्यावर त्याच्या पगारपत्रकावरचा १२५७एल हा कराचा कोड १३८३एम असा दिसेल. अटी पूर्वीही पुऱ्या होत असतील तर मागच्या चार करवर्षांपर्यंतचं मागता येतं.

शाळा आणि एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) हेही पब्लिक फंड्समध्ये मोडत नाहीत. एनएचएसचा सरचार्ज तर तुम्ही व्हिसाच्या वेळीच भरला आहे.

राहिली लेक. इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास, वर्षाचे ३८ आठवडे, नर्सरी मोफत असते. आईबापांचा व्हिसा आड येत नाही. नोकरदार पालकांचे ३० तास वेगळे, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वाढदिवसानंतरच्या सत्रापासून हे तास सुरू होतात, म्हणजे तुमच्या लेकीला १ जानेवारीपासून. जेवणाचे, डायपरचे पैसे नर्सरी वेगळे मागू शकते, ते आधी विचारून घ्या. आणि नाव आत्ताच घाला, जानेवारीच्या जागा दिवाळीपर्यंत थांबत नाहीत.