व्हॉट्सॲपवरच्या पाच प्राण्यांच्या चाचणीत माझ्या होणाऱ्या नवऱ्याने घोडा, म्हणजे ‘कुटुंब’, शेवटी ठेवलं. अशा चाचणीवरून माणसाचे अग्रक्रम खरंच कळतात का? मी काळजी करावी का?

नाही. घोडा शेवटी ठेवला म्हणून लग्न मोडू नका. मीही घोडा शेवटीच ठेवला होता आणि माझ्या संसाराला ३७ वर्षं झाली.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुमचा प्रश्न वाचला आणि गेल्या उत्तरायणचं, म्हणजे आमच्या गुजरातेतल्या पतंगांच्या संक्रांतीचं, सगळं पुन्हा वर आलं, तेव्हा आता ऐकूनच घ्या.

मी बडोद्याची. माहेर इथलं, सासरही इथलंच, दांडिया बाजारात. सरकारी बँकेत ३६ वर्षं क्लार्क होते, आता रिटायर. उत्तरायणला आमच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, सगळं खानदान जमतं. दीर पुण्याहून येतात, नणंद सुरतेहून. सकाळी वारा असतो तोवर कुणाला कुणाशी बोलायची फुरसत नसते. दुपारी हवा पडते, पतंग गोते खायला लागतात, उंधियू-जलेबी पोटात गेलेली असते, आणि मग फिरक्या बाजूला ठेवून लोक एकमेकांच्या आयुष्यावर घसरतात. आमच्याकडची यच्चयावत भांडणं दुपारी २ ते ४ या वेळातली आहेत.

पुतणीने मोबाइल काढला. ‘दलाई लामांची चाचणी आहे, दोन मिनिटांत स्वभाव कळतो.’ तुम्ही म्हणताय तीच: गाय, वाघ, मेंढी, घोडा, डुक्कर, आवडीप्रमाणे क्रम लावा. (दलाई लामांचा हिच्याशी काडीचा संबंध नाही. ई-मेलच्या जमान्यापासून त्यांच्या नावावर फिरतेय. शेवटी ‘इतक्या जणांना पाठवा, मनातली इच्छा पुरी होईल’ असतं, त्यावरूनच ओळखावं.)

दीरांनी वाघ पहिला लावला, लावताना छातीही जरा पुढे आली. नणंदेने डुक्कर शेवटी, तेही नाक मुरडून. आमच्या ह्यांनी गाय पहिली, कारण दूध. माझा क्रम असा होता: मेंढी, वाघ, डुक्कर, गाय, घोडा.

मी विचार करून लावला होता, बरं का. मेंढी पहिली, कारण भरवाडांचे कळप रस्त्याने जाताना बघायला मला फार आवडतं आणि आजवर एकाही मेंढीने माझं काही वाकडं केलेलं नाही. वाघ कमाटीबागेत लहानपणी पाहिलेला, पिंजऱ्यात का होईना, देखणा. डुक्कर मध्ये कुठेतरी टाकलं. गाय चौथी का, हे बडोद्यात पावसाळ्याच्या रात्री दुचाकी चालवलेल्या कुणालाही विचारा; काळी गाय, काळा रस्ता आणि दिवे गेलेले. आणि घोडा शेवटी, कारण सात-आठ वर्षांची असताना स्टेशनवरून टांग्याने येत होतो, पाऊस पडून गेलेला, आणि मांडवीच्या अलीकडे घोडा घसरून पडला. आम्हाला काही लागलं नाही. पण तो उठेना, टांगेवाला चाबूक मारत राहिला, आणि घोड्याचा तो डोळा मला अजून दिसतो. तेव्हापासून लग्नाच्या वरघोड्यातला घोडा जरी समोरून आला तरी मी फूटपाथ बदलते.

मग पुतणीने अर्थ वाचले. गाय म्हणजे करियर, वाघ म्हणजे स्वाभिमान, मेंढी म्हणजे प्रेम, डुक्कर म्हणजे पैसा, घोडा म्हणजे कुटुंब.

दीर असे हसले की शेजारच्या धाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. ‘वहिनी! तुमचं कुटुंब शेवटी? पैशाच्याही मागे? आणि आम्ही इतकी वर्षं सांगतोय, वहिनींनी आईसाठी प्रमोशन सोडलं, केवढा त्याग!’

इथे माझी दुखरी नस आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बँकेत क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली आलीच. मी जेएआयआयबी पास होते, सीएआयआयबीही केलं होतं (या बँकवाल्यांच्या परीक्षा), प्रमोशनची परीक्षा दिली, इंटरव्ह्यू झाला, यादीत नाव आलं. पोस्टिंग उत्तर गुजरातेत, बनासकांठात. मी लेखी नकार दिला. पुढे दोनदा फॉर्मच भरला नाही. घरात तेव्हापासून जी गोष्ट सांगितली जाते ती अशी की सासूबाई एकट्या पडतील म्हणून मी करियरवर पाणी सोडलं. प्रत्येक मुंजीत, प्रत्येक साखरपुड्यात ही गोष्ट निघते आणि सांगणारे असतात दीर. ते स्वतः तेवीसाव्या वर्षी पुण्याला गेले. गेले त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा त्याग जितका मोठा, तितकं त्यांचं जाणं सोपं, हे गणित मला फार उशिरा सुटलं. कुणी आपल्याला उठताबसता त्यागी म्हणायला लागलं की समजावं, कुठलं तरी बिल आपल्या नावावर फाडलं जातंय.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. त्या वेळी सासूबाई साठीच्या, ठणठणीत. खंडेराव मार्केटमधून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन पायी यायच्या. त्यांना माझी गरज नव्हती. उलट लेकीला त्याच सांभाळायच्या. मला बदली नको होती ती माझ्या संध्याकाळसाठी. कॅश टॅली झाली की साडेपाचला मी मोकळी. ऑफिसर लोक आठ-आठ वाजेपर्यंत फायली उपसत बसायचे, ऑडिट आलं की रविवारही गेला. मी मात्र लूना काढून मांडवीला सेंट्रल लायब्ररीत. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवून १९१० साली सुरू केलेली ही लायब्ररी. आत पुस्तकांचे लोखंडी मजले आहेत आणि त्यांना जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. संध्याकाळी त्या काचेवर उभं राहून पुस्तक चाळताना खालून-वरून चालणाऱ्यांच्या सावल्या सरकतात. तासभर तिथे, मग सुरसागर तलावाच्या कडेने घरी. त्या तासाभरात मी कुणाची सून नव्हते, आई नव्हते आणि काउंटर नंबर तीनही नव्हते. याच्यासाठी मी बनासकांठा नाकारला. महिन्याला किती पगार सोडला तोही मला पैशापर्यंत ठाऊक होता, बँकेतलीच मी.

हे मी धाब्यावर पहिल्यांदा मोठ्याने बोलले. ‘भावजी, मी आईंसाठी थांबले नव्हते. लायब्ररीसाठी थांबले होते.’

सगळे गप्प. आमचे हे जलेबीच्या डब्याचं झाकण लावत होते, ते लावतच राहिले. दीर म्हणाले, ‘वहिनी, काहीतरी बोलू नका.’ सासूबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, वय ८८, ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, ‘मग? उशिराचा दंड मीच नाही का भरत होते?’

आता तुमची चाचणी. हिच्यात माझ्या त्या संध्याकाळला प्राणीच नाही. करियर म्हणावं तर मी ते सोडलं, कुटुंब म्हणावं तर त्याच्यासाठी सोडलं नाही, पैसा तर गेलाच. पाच डब्यांत माणूस बसवायचा आणि उरलेला कापून टाकायचा, असला हा प्रकार. (लायब्ररीतल्या पुस्तकांच्या मांडणीलाही गुजरातीत घोडाच म्हणतात. तो घोडा विचारला असता तर मी पहिला लावला असता, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. टोले नेहमी रात्रीच सुचतात.)

माझ्या लेकीने इथल्याच विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलंय. तिने मग जेवताना सगळ्यांची शिकवणी घेतली. १९४८ साली फोरर नावाच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात ‘तुझं वर्णन’ म्हणून कागद दिला. ५ पैकी किती गुण देता म्हणून विचारलं, तर सरासरी ४.२६ आली. कागद सगळ्यांना एकच होता, राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. म्हणजे ‘तुम्ही वरून कणखर पण आतून हळवे’ असं कुणालाही सांगा, तो म्हणेल, अगदी बरोबर. दीरांचा वाघ त्यातलाच.

माणसाचे अग्रक्रम मापायची खरी चाचणी हवी असेल तर तीही आहे म्हणे. मिल्टन रोकीच नावाच्या संशोधकाची, १९७३ च्या आसपासची. आयुष्यात काय मिळवायचं याच्या १८ गोष्टी आणि कसं वागायचं याच्या १८, आणि त्या ओळीने लावायच्या. पूर्वी डिंकाच्या चिठ्ठ्या असत, म्हणजे काढून पुन्हा लावता याव्यात. यादीत कुटुंबाची सुरक्षितता आहे, स्वातंत्र्य आहे, आरामाचं आयुष्य आहे, खरी मैत्री आहे, अगदी मोक्षसुद्धा आहे. ही मी एकटीने बसून केली. स्वातंत्र्य पहिलं आलं, कुटुंबाची सुरक्षितता तिसरी. दीरांना सांगितलेलं नाही.

पण मला विचाराल तर चिठ्ठ्यांपेक्षा पासबुक बरं. ३६ वर्षं मी लोकांची पासबुकं प्रिंट केली. ‘सगळं मुलांसाठी चाललंय’ म्हणणाऱ्याने मुलीच्या नावाची आरडी मोडून मोटरसायकल घेतलेली पाहिलीय. आणि तोंडातून कधी गोड शब्द न निघणारी भाजीवाली दर शनिवारी चुरगळलेल्या नोटा आणून नातीच्या खात्यात भरायची, तेही पाहिलंय. त्याहून मजा नॉमिनीच्या रकान्यात. नॉमिनीचा डीए-१ फॉर्म भरताना नवीन लग्न झालेल्या मुलाचं पेन तिथे येऊन थांबतं. आई की बायको? काहीजण ‘उद्या भरून आणतो’ म्हणून फॉर्म घेऊन जात आणि उद्या कधी येतच नसे. आता २०२५ च्या नोव्हेंबरपासून चार नॉमिनी ठेवता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहून. मी काउंटरवर असते तर किती पेनं सुटली असती.

म्हणून होणाऱ्या नवऱ्याला घोड्याबद्दल विचारायचंच असेल तर एवढं विचारा, बाबा रे, घोड्याने तुला कधी लाथ मारली होती का? मग विचारा की रविवारचा दिवस तो कसा घालवतो, पगारातले किती घरी देतो, आईवडील थकल्यावर कुठे राहतील, आणि तुमची बदली झाली तर तो काय करेल. शेवटचा प्रश्न जरूर विचारा. आणि तो ‘तू सोडशील ना नोकरी, घरासाठी’ असं प्रेमाने म्हणाला, तर मेंढी पहिली ठेवणाऱ्यापासूनही सावध राहा. तुम्ही सोडाल तर तुमच्या कारणाने सोडा आणि ते कारण त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका. मी २५ वर्षं गप्प बसले. त्याग म्हणून टाळ्या मिळत होत्या, त्या मलाही गोड लागत होत्या, हे खोटं कशाला बोलू.

हो, एक सांगायचं राहिलं. प्रत्येक घरात माझ्यासारखी लायब्ररी दडलेली असते असं नाही. माझ्या काउंटरशेजारच्या बाईंनी खरोखरच अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी प्रमोशन सोडलं, आणि त्यांना त्यागी म्हणायला कुणी आलं नाही. तेव्हा माझं सगळं तुमच्या घराला लागू पडेलच असं समजू नका. शिवाय दीर माणूस वाईट नाहीत. सासूबाईंच्या मोतीबिंदूचा खर्च त्यांनीच केला. तरी ८ मार्चला फॅमिली ग्रुपवर त्यांनी पुन्हा ‘आमच्या वहिनींच्या त्यागाला सलाम’ टाकलंच, गुलाबाच्या फुलासकट. मी खाली लायब्ररीचा फोटो टाकला. त्यावर त्यांनी अंगठा दिला. समजलं की नाही, कुणास ठाऊक.

आणि चाचणीचा दुसरा भाग केलात का? कुत्रा, मांजर, उंदीर, कॉफी, समुद्र, प्रत्येकाचं एका शब्दात वर्णन? आमच्याकडे कॉफीला दीर म्हणाले, ‘डॉक्टरांनी बंद केलीय’, आणि पुतणीने ‘कॉफी म्हणजे शय्यासुख’ हा अर्थ न वाचताच मोबाइल उलटा ठेवला. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याने कॉफीला काय म्हटलंय ते मात्र इथे लिहू नका.