व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पेपरात मात्र आठवत नाही

"ती खेळत बसत नाही हो, तासन्‌तास अभ्यासाचेच व्हिडिओ बघते. तरी पेपर हातात आला की पाटी कोरी. मोबाइल काढूनच घ्यावा का?"

पालक हे मला सारखं विचारतात. या वेळी विचारणारे एका १४ वर्षांच्या मुलीचे वडील होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी शेजारीच बसली होती, घाबरलेली. वडिलांचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, बघताना मला खरंच समजतं. मग माझं डोकंच कमी आहे का?"

या वयाच्या मुलीनं स्वतःबद्दल असा निष्कर्ष काढावा, याचं मला मार्कांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

नुकताच कोणता धडा झाला, असं विचारलं तर म्हणाली, हृदयाचा. तिचा आवडता व्हिडिओ आम्ही दोघींनी मिळून पाहिला. फार सुंदर केला होता. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, एका बाजूनं निळं रक्त येत होतं, दुसरीकडून लाल जात होतं. छापील आकृतीत ही हालचाल दिसत नाही, त्यामुळे आजच्या मुलांना हे बघायला मिळतं याचा मला आनंदच आहे.

मग मी मोबाइल पालथा ठेवला आणि कोरा कागद पुढे केला. "आता रक्ताचा प्रवास काढून दाखव."

चार कप्पे तिनं झटकन काढले, नावंही बरोबर लिहिली. बाण उजव्या अलिंदातून उजव्या निलयात आला आणि तिथून थेट डाव्या अलिंदात गेला. मी विचारलं, "मग ऑक्सिजन कुठे मिळाला?" तिचा हात थांबला आणि लगेच मोबाइलकडे गेला. "नको, आठवून बघ." बराच वेळ गेला. मग एकदम म्हणाली, "फुप्फुसं! फुप्फुसं राहिलीच की!" बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. शरीरात खरंच निळं रक्त असतं, अशी तिची समजूत होती. निळा रंग फक्त फरक दाखवण्यासाठी असतो, ऑक्सिजन कमी असलेलं रक्तही गडद लालच असतं. व्हिडिओ कितीही वेळा पाहिला तरी हा गैरसमज तसाच राहिला असता, कारण बघणाऱ्याला कोणी उलटा प्रश्न विचारत नाही.

तिचं डोकं उत्तम आहे, हे मी तिला तिथेच सांगितलं, आणि कारणही दिलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी चारही सत्रांत तो फक्त वाचला. काहींनी एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच! २०१८ मध्ये कार्डास आणि ओब्रायन यांनी व्हिडिओबाबत हेच दाखवलं. मूनवॉकचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांना 'आता जमेल' असं वाटायला लागलं, प्रत्यक्षात पाय तसेच अडखळले. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

वडिलांना मी स्पष्ट सांगितलं की मोबाइल काढून घेतला तर ती पुस्तक घेऊन बसेल आणि तेच पान चार वेळा वाचेल. चूक तीच राहील, आणि वर शिक्षा झाल्याची बोच.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. एक छोटा भाग बघायचा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि आठवेल ते लिहायचं किंवा काढायचं. जे अडलं तेवढ्यापुरताच व्हिडिओ पुन्हा उघडायचा. तोच भाग दोन-तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर परत. ती एआयकडून उत्तरंही तयार करून घ्यायची. ते बंद करायला सांगितलं नाही. "उत्तर देऊ नकोस, मला एकेक प्रश्न विचार आणि माझं कुठे चुकलं ते सांग," असं त्याला सांगायला शिकवलं. त्याचंही चुकू शकतं, म्हणून शंका आली की पुस्तक उघडायचं.

सुरुवातीला ती कंटाळली. "व्हिडिओनं तासात दोन धडे व्हायचे, आता अर्धाही होत नाही." हे होणारच होतं. आठवताना डोक्याला ताण येतो, आणि मुलांना तो आपल्याला येत नसल्याचा पुरावा वाटतो. या टप्प्यावर पालकांनी टोमणा मारला की सगळं फिसकटतं. वडिलांनी तो मोह आवरला. रोज रात्री ती त्यांना एक मुद्दा समजावून सांगायची, आणि खरंच कळलं नाही की ते पुन्हा विचारायचे.

पुढच्या चाचणीत विज्ञान बरंच सुधारलं, गणित थोडं, इतिहास अजून मागे आहे. अभ्यासाच्या मध्येच रील्सकडे वळण्याची सवयही गेलेली नाही. ही सवय लागते ती पाठोपाठ येणाऱ्या नोटिफिकेशनमधून आणि अपुऱ्या झोपेतून, त्यामुळे तिच्यावरचं काम वेगळं आहे. ते आम्ही आत्ता कुठे हाती घेतलंय.